पोलीस ठाण्यातले पहिले चोवीस तास: अटक झाली तर काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं

घरातल्या माणसाला पोलीस घेऊन गेले की पहिला फोन नगरसेवकाला जातो, दुसरा पोलिसांत असलेल्या लांबच्या नातेवाइकाला. वकिलाची आठवण तिसऱ्या-चौथ्या फोनला होते. तोवर दोन-तीन तास गेलेले असतात आणि ते कुणी कुठे लिहून ठेवलेले नसतात. पुढे कोर्टात वाद नेमका याच तासांवरून होतो. पोलिसांच्या कागदावर अटक संध्याकाळी सातची, घरचे म्हणतात सकाळी अकराला नेलं, आणि घरच्यांकडे दाखवायला काहीच नाही.

मी तालुका कोर्टात वकिली करते, रिमांडची (अटक झालेल्याला कोठडीत ठेवायची परवानगी पोलीस कोर्टाकडे मागतात, त्याची) कामं नेहमीची. पोलीस ठाण्याची पायरी कधी न चढलेल्यांसाठी हे लिहितेय: शिकायला शहरात आलेली मुलं, डिलिव्हरीचं काम करणारे, पहिल्यांदाच मोर्चात उतरणारे, आणि या सगळ्यांचे आईवडील. गुन्हा केला की नाही हा प्रश्न इथे येत नाही. खाली सांगितलेले हक्क निर्दोष माणसाला जेवढे आहेत तेवढेच दोषी माणसालाही आहेत. दोषी कोण हे कोर्ट ठरवतं, आणि ते ठरेपर्यंत ठाण्यातला प्रत्येक माणूस फक्त माणूस असतो.

घटनेत काय आहे

तीन अनुच्छेद डोक्यात असू द्या. अनुच्छेद २१: कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. अनुच्छेद २० चा तिसरा खंड: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. आणि आपल्या कामाचा सगळ्यात मोठा, अनुच्छेद २२: अटक झालेल्याला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगायची, त्याच्या पसंतीच्या वकिलाशी सल्लामसलत करू द्यायची, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं.

हा अनुच्छेद मूळ मसुद्यात नव्हता. अनुच्छेद २१ मध्ये शब्द फार ढिले ठेवले, सरकार वाटेल तो कायदा करून माणूस आत टाकेल, अशी टीका घटना समितीत झाली होती. डॉ. आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी ही नवी तरतूद मांडली आणि आधी जे राहून गेलं त्याची ही भरपाई आहे, असं स्वतः सांगितलं. चोवीस तासांची अट ब्रिटिशांच्या फौजदारी कायद्यातही होती, पण कायदा कुठलंही सरकार साध्या बहुमताने बदलू शकतं. घटनेत आल्यामुळे ती अट सरकारच्या मर्जीबाहेर गेली. मला हे आपल्या घटनेतलं सगळ्यात कामाचं वाक्य वाटतं, कारण ते रोज, प्रत्येक तालुक्यात, कुणा ना कुणासाठी वापरलं जातं.

आणखी एक. २१ आणि २२ मध्ये शब्द 'व्यक्ती' असा आहे, 'नागरिक' असा नाही. परराज्यातून आलेला मजूर असो की परदेशातून शिकायला आलेला विद्यार्थी, हक्क सारखेच.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. खाली जे कलमांचे आकडे येतील ते या नव्या संहितेचे. जुने वकील आणि हवालदार अजून '४१ अ ची नोटीस' म्हणतात. ती आता कलम ३५ (३) ची.

पहिली पायरी: ठाण्यातून बोलावणं आलं

फोनवर 'जरा ठाण्यात येऊन जा' एवढंच सांगतात. घाबरून लगेच निघू नका आणि फोन बंदही करू नका. शांतपणे विचारा: साहेब, आपलं नाव आणि हुद्दा काय, कुठलं ठाणं, गुन्हा दाखल आहे का, असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर काय, आणि मला साक्षीदार म्हणून बोलावताय की आरोपी म्हणून? बऱ्याचदा उत्तर येतं, 'तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय.' म्हणजे अजून गुन्हा दाखल नाही, नुसती अर्ज चौकशी आहे. तिथेही जावं, पण गुन्हा दाखल नसताना कुणी तुम्हाला रात्रभर बसवून ठेवू शकत नाही.

साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो. बाई, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या पुढचे गृहस्थ, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन जबाब घ्यायचा. स्वखुशीने जायचं असेल तर गोष्ट वेगळी. 'आजींना घेऊन या' असं सांगितलं तर हे कलम नम्रपणे सांगा.

आरोपी म्हणून बोलावणं असेल तर कलम ३५ (३) ची नोटीस हातात पडली पाहिजे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा नियम नाही. आधी नोटीस, आणि अटक करायचीच तर ती का गरजेची आहे हे लिहून ठेवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. नोटिशीप्रमाणे तुम्ही हजर राहत असाल तर वेगळं कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणून हजेरी चुकवू नका, आणि प्रत्येक हजेरीची पोच नोटिशीच्या प्रतीवर घ्या: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी व्हॉट्सअॅपवर आलेली नोटीस पाहून न पाहिल्यासारखं करू नका. वकिलामार्फत लेखी कळवा की प्रत्यक्ष नोटीस द्या, मी हजर राहतो.

अटकेची भीती खरी वाटत असेल तर ठाण्यात जायच्या आधी कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाबद्दल वकिलाला विचारा. अटक झाल्यावर हा दरवाजा बंद होतो.

इथेच एक महत्त्वाचं. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका' असं म्हणाला तर तो चोर आहे. भारताच्या कुठल्याही कायद्यात अशी अटक नाही. फोन ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. निवृत्त, शिकलेली, आयुष्यभर कायदा पाळलेली माणसं यात आयुष्याची पुंजी गमावतात, कारण खरी अटक कशी होते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी पायरी: अटक होते तेव्हा

सगळ्यात उपयोगाचा प्रश्न हा: 'साहेब, मला अटक केली आहे का? नसेल तर मी घरी जाऊ का?' आवाज न चढवता विचारा, शक्यतो दुसऱ्या कुणाच्या देखत. उत्तर 'हो' असेल तर पोलिसांवरच्या जबाबदाऱ्यांची सगळी यादी त्या मिनिटापासून सुरू होते. 'नाही' असेल तर तुम्हाला जाऊ दिलं पाहिजे. 'बसा, साहेब येतील' हे दोन्हींतलं एकही उत्तर नाही. असं झालं तर घड्याळ बघा आणि वेळ लक्षात ठेवा. चोवीस तास मोजायचे ते माणसाला प्रत्यक्ष अडवून ठेवलं तिथपासून, कागदावर अटक दाखवली तिथपासून नव्हे.

अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा कागद, म्हणजे अटक पंचनामा किंवा मेमो, जागेवर तयार झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी आणि अटक झालेल्याचीही. कलम ३६ मध्ये हे आता लिहिलेलं आहे, पण ते आलं एका पत्रातून. पश्चिम बंगालमधल्या विधी सहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून ऑगस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेसाठी अकरा अटी घालून दिल्या. संहितेत त्या यायला पुढे बरीच वर्षं गेली.

हा कागद जवळून बघा. त्यात रकाने असतात: अटकेची तारीख, वेळ, ठिकाण, अंगझडतीत मिळालेल्या वस्तू, अंगावर जखमा आहेत का, कुणाला कळवलं. वेळेचा रकाना कोरा असेल तर सही करायच्या आधी तो भरायला सांगा. भरलेली वेळ चुकीची असेल तर सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहा: 'मला सकाळी ११.१० ला घरून आणले.' पोलीस नाराज होतील, पण हे लिहायला कायद्याची आडकाठी नाही. जखमांच्या रकान्यात 'निरंक' असेल तर अंगावरचं खरचटलेलंसुद्धा नोंदवून घ्या. अंगठी, घड्याळ, पाकीट, मोबाइल जे काढून घेतील त्याची पावती मागा. कलम ४९ प्रमाणे ती द्यावीच लागते. कोऱ्या कागदावर सही कधीही करायची नाही, 'नंतर टाईप करून घेऊ' म्हणाले तरी.

आता अटकेच्या कारणांबद्दल, कारण इथे कायदा नुकताच बदललाय आणि बऱ्याच ठाण्यांत जुनीच सवय चालते. 'तुला अमुक कलमाखाली अटक केली' एवढं सांगणं पुरेसं नाही. तुमच्याविरुद्ध नेमकं काय आहे, कुठली घटना, तुमचा त्यात काय भाग, हे कळायला हवं. वरळीतल्या गाडीखाली एका महिलेचा जीव गेलेल्या प्रकरणातून निघालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सांगितलं, की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. त्या क्षणी लिहिणं शक्यच नसेल तर तोंडी सांगून नंतर लेखी द्यायची, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या निदान दोन तास आधी. हे पाळलं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदेशीर ठरतात. बिहारहून आलेल्या कामगाराला मराठीतला कागद देऊन चालणार नाही, आणि बेंगळुरूत अटक झालेल्या आपल्या मुलाला कन्नडमधला देऊन चालणार नाही.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. बाईची झडती बाईनेच घ्यायची. साठीच्या पुढच्या किंवा अशक्त व्यक्तीला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही. त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. मुलाचं वय दाखवणारा शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला घेऊन धावत जा, बाकी सगळं नंतर.

तिसरी पायरी: घरच्यांनी काय करायचं

सगळ्यात आधी एका कागदावर लिहा: किती वाजता, कुठून, किती जणांनी नेलं, गाडीचा नंबर, ज्यांनी पाहिलं त्यांची नावं. मग तोच मजकूर स्वतःच्या फोनवरून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या किंवा शहरात असाल तर पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाला ईमेलने पाठवा. दोन ओळी पुरतात: 'माझ्या भावाला आज सकाळी ११.१० वाजता राहत्या घरातून अमुक ठाण्याच्या पोलिसांनी नेले आहे. त्याला अटक केली आहे का आणि कोणत्या गुन्ह्यात, हे कळवावे.' उत्तर येवो न येवो, पाठवल्याची वेळ त्या ईमेलवर कायमची बसते. पुढे कोर्टात हा कागद ज्याच्याकडे असतो त्याच्या वकिलाचं अर्धं काम झालेलं असतं.

दुसरं कुणीतरी ठाण्यात जा. एकट्याने नको, पण पंचवीस जणांचा घोळकाही नको; घोळक्यामुळे नवा गुन्हा दाखल होऊ शकतो. ठाणे अंमलदाराला भेटा आणि स्टेशन डायरीत नोंद आहे का ते विचारा. अटक झालेल्याने सांगितलेल्या नातेवाइकाला, मित्राला किंवा इतर कुणालाही अटकेची आणि ठिकाणाची माहिती देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्हा दर्शनी भागात लावायचा असतो, आणि त्यासाठी एक अधिकारी नेमलेला असतो. फलक कुठे आहे ते विचारा. डायबेटिस, बीपी, फिट यांची रोजची औषधं चिठ्ठीसकट नेऊन द्या आणि दिल्याची वेळ लिहून ठेवा.

वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा देशभरचा क्रमांक आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते, आणि बऱ्याच जिल्ह्यांत आता आरोपींच्या बाजूने उभे राहणारे पूर्णवेळ मोफत वकील लोक अभिरक्षक कार्यालयात बसतात. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तर कोठडीत नसतानाही. 'फुकटचा वकील काय करणार' असं म्हणून लोक कर्ज काढतात. मी अशा वकिलांना काम करताना रोज बघते आणि मनापासून सांगते, पहिल्या दिवशी हजर असलेला मोफत वकील हा तिसऱ्या दिवशी येणाऱ्या नामवंत वकिलापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणि माणूस सापडतच नसेल, एक ठाणं दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका करता येते: माणूस कोर्टासमोर हजर करा, एवढीच मागणी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पर्वरी, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, यांपैकी तुमच्या जिल्ह्यासाठी जे असेल तिथे.

चौथी पायरी: चौकशी

नाव, पत्ता, वय खरं सांगा. त्यापुढे ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल ते देणं बंधनकारक नाही. 'वकिलाशी बोलल्यावर सांगतो' हे वाक्य पाठ करा. खोटं मात्र बोलू नका. गप्प राहणं हा हक्क आहे, खोटं बोलणं नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसेल असं कलम ३८ म्हणत नाही.

पोलिसांसमोर दिलेली कबुली सहसा कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तरीही ती घ्यायचा प्रयत्न का होतो? कबुलीच्या निमित्ताने एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग वापरता येतो म्हणून. तपासात घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही, कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं. अटकेचा कागद आणि जप्ती पंचनामा यांवर सह्या होतात. बाकी कशावर सही मागितली तर आधी वाचून दाखवायला सांगा. नार्को आणि लाय डिटेक्टर तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात ठरलंय. मोबाइलच्या पासवर्डबद्दल न्यायालयांत अजून एकमत नाही, तेव्हा तो प्रश्न वकिलावर सोडा.

अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरकडून तपासणी होते आणि तिच्या अहवालाची प्रत तुम्हाला किंवा तुम्ही सांगाल त्या व्यक्तीला मिळते. हवालदार शेजारी उभा असतो म्हणून लोक डॉक्टरला काही सांगत नाहीत. सांगा. कुठे दुखतंय, कशाने मारलं, कधी मारलं. डॉक्टरांनी लिहिलेली जखम पोलिसांना खोडता येत नाही.

पाचवी पायरी: मॅजिस्ट्रेटसमोर

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माणसं इथेच सगळं हातचं घालवतात.

दुपारची वेळ. कोर्टात दुसरीच कामं चालू असतात. पोलीस आरोपीला मागच्या दाराने आणतात, रिमांड रिपोर्ट टेबलावर ठेवतात. मॅजिस्ट्रेट नाव विचारतात आणि मग एक प्रश्न विचारतात: 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' आरोपी मान खाली घालून 'नाही' म्हणतो. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, लिहिलं जातं, तक्रार नाही. सगळं मिनिटभरात संपतं. महिन्याभराने तोच माणूस म्हणतो, मला पट्ट्याने मारलं होतं, आणि समोरचा पहिला प्रश्न येतो: मग त्या दिवशी का नाही सांगितलं?

तो प्रश्न मॅजिस्ट्रेट रीत म्हणून विचारत नाहीत. त्यामागे मुंबईतल्या एका पत्रकार बाईंची मेहनत आहे. शीला बर्से यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला आदेश दिले: महिलांसाठी वेगळी कोठडी, अटक होताच विधी सहाय्य समितीला खबर, आणि समोर आलेल्या प्रत्येक आरोपीला मॅजिस्ट्रेटने विचारायचं, की कोठडीत छळ झाला का, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क तुला आहे हेही सांगायचं. त्या जणींनी तोंड उघडलं म्हणून आज तुम्हाला हा प्रश्न विचारला जातो. त्याचं खरं उत्तर द्या.

उत्तर देताना पोलिसाकडे बघू नका, मॅजिस्ट्रेटकडे बघा. मोठ्याने बोला. तीन गोष्टी सांगा: मला इतक्या वाजता, इथून नेलं, मला अटकेची कारणं लेखी दिली किंवा दिली नाहीत, मला मारलं, इथे लागलंय, तपासणी करावी. लाज वाटत असेल तर 'मला एकट्याने सांगायचंय' म्हणा. वकील नसेल तर तसं सांगा. पहिल्याच हजेरीला मोफत वकील हा हक्क आहे, आणि तो आहे हे सांगायचं काम मॅजिस्ट्रेटचं आहे, असं कसाबच्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलंय. शेकडो लोकांवर गोळ्या चालवणाऱ्यालाही हा हक्क नाकारला नाही. मग मोबाइल चोरीच्या संशयितालाही तो मिळायलाच हवा.

पोलीस 'पीसीआर' म्हणजे पोलीस कोठडी मागतील. कशासाठी, किती दिवस, हे रिमांड रिपोर्टमध्ये असतं. त्याची प्रत वकिलाने मागायची. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपर्यंतच, पण नव्या संहितेत ती सलग न घेता पहिल्या चाळीस किंवा (गंभीर गुन्ह्यात) साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. ही तरतूद मला धोक्याची वाटते: न्यायालयीन कोठडीत, म्हणजे तुरुंगात, गेलेल्या माणसाच्या डोक्यावर परत लॉकअपची टांगती तलवार राहते. म्हणून किती दिवस झाले याचा हिशोब घरच्यांनी स्वतः ठेवावा.

रविवार किंवा सणाची सुट्टी म्हणून चोवीस तास थांबत नाहीत. सुट्टीच्या दिवशी सुट्टीचं कोर्ट असतं.

जामीन

थोडक्यात. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, ठाण्यातूनच मिळतो. जामीनदार देता येत नसेल आणि आठवडा उलटला तर कायदा त्या माणसाला निर्धन समजतो आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीपत्रावर, सोडावं लागतं. अजामीनपात्र गुन्ह्यात कोर्टाचा विवेक चालतो. आरोपपत्र साठ दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवसांत आलं नाही तर आपोआप मिळणाऱ्या जामिनाचा हक्क तयार होतो, मात्र अर्ज करावा लागतो, आणि आरोपपत्र दाखल व्हायच्या आधी करावा लागतो. एक दिवस उशीर झाला की हक्क गेला. मकोका (संघटित गुन्हेगारीचा कायदा), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग यांचे जामिनाचे नियम फार कडक आहेत. तिथे हा लेख पुरणार नाही, त्या कायद्यांचं काम करणारा वकील गाठा.

घटनेतच ठेवलेली फट

चोवीस तासांचा नियम एका ठिकाणी लागू होत नाही: प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. राष्ट्रीय सुरक्षा कायदा किंवा महाराष्ट्राचा १९८१ चा एमपीडीए, ज्याला लोक झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात, यांखाली गुन्हा सिद्ध न होताही माणसाला महिनोन्‌महिने आत ठेवता येतं. ही सवलत अनुच्छेद २२ मध्येच आहे, आणि स्वतंत्र देशाच्या घटनेत ती असावी याचं मला दुःख आहे. पण त्याच अनुच्छेदात दोन हत्यारंही आहेत: कारणं कळवलीच पाहिजेत, आणि त्याविरुद्ध निवेदन द्यायची लवकरात लवकर संधी दिली पाहिजे. तीन महिन्यांपलीकडे ठेवायचं तर सल्लागार मंडळासमोर जावं लागतं.

या हत्यारांना धार किती आहे ते नागपूरच्या हरिकिसन प्रकरणात दिसलं. त्यांना स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली. मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, असं त्यांनी मागितलं. सरकारी भाषा इंग्रजी आहे म्हणून नकार मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितलं, की जी कारणं माणसाला कळलीच नाहीत ती दिली असं होत नाही, आणि त्यांची सुटका केली. तेव्हा स्थानबद्धतेचा आदेश आला तर कागदांचा गठ्ठा नुसता ताब्यात घेऊ नका. भाषा कळत नसेल, पानं पुसट असतील, उल्लेख केलेला एखादा कागद जोडलेला नसेल, तर त्याच दिवशी लेखी मागणी करा आणि निवेदन द्या.

हक्क मोडला गेला तर

वर सांगितलेली प्रत्येक वेळ आणि प्रत्येक कागद इथे कामी येतो. मारहाणीची किंवा बेकायदा डांबण्याची तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी करता येते, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करता येते, राज्य किंवा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे करता येते. आयोगाकडे मात्र घटनेपासून वर्षाच्या आत. कोठडीत माणूस दगावला तर राज्याने भरपाई द्यावी, हे १९९३ पासून ठरलेलं आहे, आणि त्यासाठी उच्च न्यायालयात जाता येतं. तक्रारीला जोडायला अटकेच्या कागदाची प्रत, घरच्यांचा ईमेल, वैद्यकीय अहवाल आणि रोजनाम्याची नक्कल काढून ठेवा. नक्कल कोर्टाच्या कॉपिंग विभागात अर्ज करून मिळते.

राहिला सीसीटीव्ही. प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, कॅमेरे असावेत आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी, जपून ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. त्यावर विसंबून बसू नका. मागितलं की कॅमेरा बंद होता असं उत्तर येऊ शकतं. अमुक तारखेचं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं चित्रण जपून ठेवावं, असा अर्ज पहिल्या रिमांडच्या दिवशीच मॅजिस्ट्रेटसमोर द्या आणि त्याची एक प्रत ठाण्यात देऊन शिक्क्यासकट पोच घ्या. जामीन व्हायची वाट बघू नका.